मास्तर हलत नाही

ही गोष्ट अजून घडायची आहे, त्यामुळे तिच्यात खोट काढायला कोणी साक्षीदार सापडायचा नाही. सांगणाऱ्याला एवढी मोकळीक पुष्कळ झाली.

तर लवकरच असा काळ आला, की हिशेब यंत्रं करू लागली, वकिली यंत्रं करू लागली, लग्नपत्रिकेतला 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' हा मजकूरसुद्धा यंत्रंच लिहू लागली, आणि माणसांसाठी खात्रीची म्हणावीत अशी थोडीच कामं उरली. त्यांतलं एक म्हणजे घोड्याची लीद उचलणं. एरवी त्या कामाला कोणी विचारलं नसतं. पण घोड्याच्या पाठीवर बसवलेलं पोर औषधाच्या बाटलीपेक्षा लवकर ठिकाणावर येतं, असं डॉक्टर मंडळींनी सिद्ध केलं होतं. मग काय, कॉलेजांनी 'अश्वसाहाय्यित शिक्षण व उपचार' या नावाची पदवी काढली, क्लासवाल्यांनी तिचे क्लास काढले, आणि ज्यांच्या सात पिढ्यांनी घोडा फक्त वरातीत पाहिला होता अशी मुलं इंटर्नशिपसाठी रांगा लावू लागली. कर्जतजवळ उल्हास नदीच्या काठावर 'हयमैत्री' नावाचं केंद्र होतं. तिथे लीद उचलायलाही मुलाखत असे आणि तीत 'लीद तुम्हाला काय शिकवते?' हा प्रश्न हमखास असे.

शलाका मोहितेला तो प्रश्न कोणी विचारला नाही. तिची मुलाखतच झाली नाही. केंद्राच्या दर्शनी खोलीत तिचा फोटो आधीपासून लावलेला होता.

फोटोत दुसरीतली शलाका एका पांढऱ्या घोड्याच्या मानेवर गाल टेकून बसलेली होती. त्याआधीची शलाका कोणी फोटोत पकडू शकला नव्हता, कारण ती जागेवर थांबतच नसे. ती चावायची, बाकं उलथवायची, शाळेच्या जिन्यात आडवी पडून अशी किंचाळायची, की खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यानं दवाखाना हलवला. लोकांना वाटायचं, दात तोच उपटतोय. मग कोणीतरी हयमैत्रीचं नाव सुचवलं. एका हिवाळ्यात शलाका शांत झाली, ती झालीच. आई म्हणायची, "आमची शलाका म्हणजे देवघरातली समई." वडील गेले त्या दिवशी घर भरून लोक रडत होते आणि शलाका सगळ्यांना चहा देत होती, बिनसाखरेचा कोणाला ते न विसरता. लोक म्हणाले, किती सावरलंय पोरीनं स्वतःला. कॉलेजात एका मुलानं तिला विचारलं, तिनं हो म्हटलं. वर्षभरानं तो म्हणाला की आता जातो, तिनं त्यालाही हो म्हटलं.

तर अशी ही शलाका ज्या घोड्यानं तिला बरं केलं त्याचीच सेवा करायला म्हणून आली. इंटर्नशिप नीट पार पडली, तर केंद्रात कायमची जागा मिळणार होती. घोड्याचं नाव मास्तर. आता तो म्हातारा झाला होता, डोळ्यांवरचे खड्डे खोल गेले होते. पण मुलांना अजून तोच हवा असायचा.

"हवा असणारच," धाकूमामा म्हणाला. धाकू ढेबे हा तिथला मोतद्दार. घोड्याला खरारा करायचा, दाणा-चंदी घालायची आणि येईल त्याला थापा मारायच्या, ही त्याची तीन कामं; पगार पहिल्या दोन कामांचाच मिळतो याचं त्याला वाईट वाटे. "पोरी, हा मास्तर आधी वरातीत नवरे न्यायचा. एकदा काय झालं, डीजेची भिंतच्या भिंत कोसळली. नवरा पळाला, करवली पळाली, भटजी तर अजून सापडला न्हाई. नवरीच्या डोळ्यांत धूर गेलेला. तिनं समोर जो उभा दिसला त्याच्या गळ्यात माळ घातली. उभा कोण? हा. चांगला संसार झाला असता, पण पोरीकडचे म्हणाले, पगार किती?"

"मामा, मागच्या वेळी त्यात हत्ती होता."

"हत्ती त्याच्या आदल्या लग्नात."

पण थापांच्या मागे एक खरी रीत होती, आणि हयमैत्रीला तिचा फार अभिमान होता. उपचारासाठी घोडा निवडायचा कसा? बाजारात धाकू काखेत एक स्टीलचं ताट घेऊन हिंडायचा. घोड्याच्या कानामागे जाऊन तो पळीनं ताट बडवायचा. जो बुजला, उधळला, नुसता कान जरी त्यानं फिरवला, तो बाद. जो दगडासारखा उभा राहिला, त्याच्या कपाळावर तळवा ठेवून धाकू म्हणायचा, "हा आपला." मुलं किंचाळणार, चिमटे काढणार, आयाळ ओढणार; तिथे साधूच पाहिजे. मास्तर तर फटाक्यांतून आलेला. त्याच्या कानाशी धाकूनं ताट फुटेस्तोवर बडवलं होतं. केंद्राला पाहुणे आले, की आजही ताट वाजवून दाखवत, मास्तर हलत नसे, आणि पाहुणे टाळ्या वाजवत. टाळ्यांनाही तो हलत नसे.

शलाका येऊन थोडे दिवस झाले आणि बोलकी मोहरकी आली.

मोहरकी म्हणजे घोड्याच्या तोंडावर चढवतात तो दोरांचा साज. ही नव्या कापडाची होती, तिच्यात केसासारख्या तारा विणलेल्या होत्या आणि कपाळावर येईल असा एक मणी होता. ती बनवणारा अद्वैत गोरे नावाचा इंजिनिअर पुण्याहून स्वतः घेऊन आला. केंद्राच्या प्रमुख डॉक्टर सबनीसबाई, धाकू आणि शलाका यांना पागेत उभं करून त्यानं सगळं समजावलं.

"मेंदूतून एक मज्जातंतू निघतो. गळ्यातून उतरतो, काळजाला भेटतो, पोटापर्यंत भटकत जातो. घोडा, कुत्रा, माणूस, सगळ्यांत तो एकच. तुम्ही निवांत असता ना, तेव्हा श्वास घेताना काळीज किंचित घाई करतं आणि सोडताना किंचित रेंगाळतं. झोपाळ्यासारखं. हा मणी तेव्हा हिरवा होतो. भीती वाटली, राग आला, की झोपाळा थांबतो आणि काळीज धावायला लागतं. मणी तांबडा."

"एवढं तर घोड्याच्या कानावरून कळतं," धाकू म्हणाला.

"बरोबर आहे मामा. पण तिसरी एक अवस्था असते. जनावराला पळता येत नाही, लढता येत नाही, आणि त्रास थांबत नाही. मग शरीर आतून शटर ओढून घेतं. काळीज पुन्हा हळू होतं, पण झोपाळा हलत नाही. दुखणं कमी, भीती कमी, सगळंच कमी. बाहेरून बघाल तर निवांत जनावर आणि हे जनावर अगदी सारखं दिसतं. एका माठात पाणी आहे, दुसरा रिकामा आहे, दोन्ही गप्पच. मोहरकीला तेवढा फरक कळतो. तेव्हा मणी पांढरा होतो."

"तो आमच्याकडे लागायचा नाही," सबनीसबाई हसून म्हणाल्या.

"नाहीच लागणार. सापळ्यात रात्रभर अडकलेल्या सशाला लागतो तो. मी स्वतः दोनदाच पाहिलाय."

आधी जिलबीला मोहरकी चढवली. जिलबी ही केंद्रातच जन्मलेली तपकिरी घोडी, अंगानं लहान आणि वागायला पुढाऱ्यासारखी. मणी हिरवा झाला. अद्वैतची बॅग तिला लागली तसा तांबडा झाला. तिनं बॅगेचा पट्टा चावला तसा पुन्हा हिरवा. सगळे हसले. मग मास्तरला चढवली.

मणी पांढरा झाला.

अद्वैतनं बॅटरी बदलली. पांढरा. तारा ओल्या करून पाहिल्या. पांढरा. धाकू म्हणाला, "झोप लागली असंल त्याला." मग बाजारातून आणलेल्या बाकीच्या घोड्यांना एकेक करून चढवली. ताटाच्या परीक्षेत उतरलेले ते सगळे साधू. प्रत्येकाच्या कपाळावर तोच थंड, ट्यूबलाइटसारखा उजेड. परीक्षेला न बसलेली एकटी जिलबी होती, आणि ती तेवढ्या वेळात बॅगेतला डबा खाऊन मोकळी झाली होती.

सबनीसबाईंचा चेहरा उतरला, पण बाई मुरलेल्या होत्या. "यंत्रात दोष दिसतो. इथेच ठेवा. शलाका महिनाभर वापरून बघेल."

अद्वैत गेला. शलाकानं कामाला सुरुवात केली ती यंत्राचा दोष शोधण्यापासून. केंद्राच्या कुत्र्याच्या डोक्यावर मणी धरला, कुत्रा आनंदानं लोळला, मणी हिरवागार. मग धाकूमामाच्या कपाळाला तिनं मोहरकी बाशिंगासारखी बांधली आणि त्याला वरातीची गोष्ट सांगायला लावली. भिंत कोसळेपर्यंत मणी हिरवा होता. नवरीनं माळ घातली तिथे तांबडा झाला.

"खोटं बोलायला घाबरता होय मामा?"

"खोट्याला कोण घाबरतंय. बायको मागं उभी राहून ऐकत आसंल, म्हणून जीव दचकला."

यंत्रात दोष नव्हता. शलाकानं सहज म्हणून मोहरकी स्वतःच्या कपाळाला लावली आणि खिडकीच्या काचेत पाहिलं.

पांढरा.

"बिघडलं," धाकू लगेच म्हणाला. त्यानं ती हिसकावून पुन्हा स्वतःला लावली. हिरवा. तिला लावली. पांढरा. "लई वेळ उन्हात हाईस तू. जा, सरबत घे."

शलाका काचेसमोरच उभी राहिली. तिनं वडिलांचा शेवटचा दिवस आठवून पाहिला. मणी पांढरा. सोडून गेलेला मुलगा आठवला. पांढरा. इथली कायमची जागा, पगार, आईचं हसणं. पांढरा. आता आपण घाबरायला हवं, असं तिच्या मनात आलं. नुसतं आलं. विसरलेलं एखादं काम आठवावं तसं.

सगळ्या उपचाराची मेख तिला ठाऊक होती, परीक्षेत तिनं ती दोन पानं लिहिलीही होती: घोड्याच्या पाठीवर बसलं, की हळूहळू त्याच्या काळजाची लय बसणाऱ्यात उतरते. सबनीसबाईंच्या प्रत्येक भाषणात हे वाक्य असे. घोड्याची लय म्हणजे नेमकी कोणती, हे मात्र आजवर कोणी विचारलं नव्हतं.

---

त्याच आठवड्यात मिहिका आली. उरणची रेवती तांडेल आपल्या मुलीला घेऊन आली, म्हणजे खरं तर मुलगीच तिला फरफटत घेऊन आली. मिहिका सहा वर्षांची. आल्या आल्या तिनं धाकूचं ताट पळवलं आणि ते पळीनं बडवत पागेत पळत सुटली. जिलबीनं लाथा झाडून दार मोडलं, कुत्रा पाण्याच्या टाकीत पडला, कावळ्यांनी झाड सोडलं. पोर हसत होतं आणि किंचाळत होतं, दोन्ही एकाच श्वासात. शलाकानं तिला कसंबसं धरून मोहरकीचा पट्टा तिच्या डोक्याला बांधला. मणी तांबडा-हिरवा, तांबडा-हिरवा, दिवाळीतल्या माळेसारखा वेडापिसा चमकला. पांढऱ्याचा मागमूस नव्हता.

रेवती पायरीवर बसली होती. तिच्या दंडावर चाव्याच्या खुणा होत्या. "दोन शाळांनी नको म्हटलं," ती म्हणाली. "सोसायटीनं नोटीस लावली. नवरा जहाजावर असतो. फोनवर हिचं ओरडणं ऐकू आलं, की तो म्हणतो नेटवर्क जातंय. एक शाळा राहिलीय. त्यांच्या बाई इथे येऊन बघणार आहेत. शांत बसली तर घेऊ म्हणाल्यात."

मिहिकाला मास्तरवर बसवायचं ठरलं. पहिल्या दिवशी तिनं त्याची आयाळ उपटली, मानेला नखं लावली, कानात तोंड घालून ओरडली. मास्तर चालत राहिला. खालून मऊ, एकसारखी हेलकावणारी ती चाल. माणूस स्वतःच्या पायांनी चालतो तेव्हा कंबर जशी हलते, तशीच घोड्याच्या पाठीवर बसून हलते, म्हणून शरीराला ती ओळखीची वाटते आणि ते तिच्या हवाली होतं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मिहिका ओरडायची थांबली. सगळ्यांना आनंद झाला. शलाकानं तिच्या कपाळावरचा मणी पाहिला. तांबड्या-हिरव्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका चमकून गेला होता.

पुढच्या खेपांना तो ठिपका जास्त वेळ थांबू लागला.

शलाकानं मग एक चोरटा उद्योग केला. दुपारी सबनीसबाई जेवायला गेल्या, की ती मिहिकाला जिलबीपाशी न्यायची. तिथे शांत असं काही नव्हतं. मिहिकानं जिलबीचा कान चावला, जिलबीनं मिहिकाची बाही चावली. दोघी एकमेकींना ढकलत, रुसत, पाठ फिरवत. किंचाळणं होतंच, पण एकदा जिलबी तिच्या पायावर पाय ठेवून उभी राहिली, तेव्हा मिहिका स्पष्ट म्हणाली, "ए, सरक." जिलबी सरकली. पोर आश्चर्यानं बघतच राहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या बोलण्यावर कोणी काही केलं होतं. मणी हिरवा होता, आणि झोपाळ्यासारखा मंद-तेज होत होता.

शलाका तिथून तडक सबनीसबाईंकडे गेली. तडक म्हणजे तिच्या चालीनं. ती कधी पळत नसे. तिनं सगळं सांगितलं. ताटाच्या परीक्षेत आपण नेमके मोडलेलेच घोडे निवडत आलो, आणि त्यांचं मोडलेपण मुलांत उतरवत आलो.

सबनीसबाईंनी उठून दार लावून घेतलं. त्या दुष्ट नव्हत्या. तरुणपणी शहरातली नोकरी सोडून त्यांनी या मुलांसाठी सगळं आयुष्य घातलं होतं, आणि आता त्या वयात होत्या की आयुष्य परत मागून घेता येत नाही.

"शलाका, जगानं हाकलून दिलेली मुलं होती ही. आज ती वर्गात बसतात, डबा खातात, मोठी होऊन नोकऱ्या करतात. त्यांच्या आत काय चाललंय, असं कोणी विचारतं का? तुझ्या-माझ्या आत काय चाललंय, ते कोणी विचारलं?"

"आता मोहरकी आहे, मॅडम. आता विचारता येतं."

"विचारता येतं म्हणून विचारायलाच हवं?" त्यांचा आवाज चिरकला. मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुझं सगळं बालपण आम्ही बिघडवलं असं म्हणतेस तू. रागावली आहेस माझ्यावर?"

शलाकानं आत चाचपून पाहिलं. "नाही."

"बघ," सबनीसबाई हळूच म्हणाल्या. "केवढी मोठी गोष्ट आहे ही." आणि डोळे पुसत त्यांनी कायमच्या जागेची गोष्ट काढली. शाळेच्या बाई येऊन गेल्या, की तिची नेमणूक नक्की. मिहिकाचं काय करायचं ते तिच्या आईला विचार, असंही त्या म्हणाल्या. आईनं नको म्हटलं, तर त्या अडवणार नव्हत्या.

तेव्हा शलाका रेवतीकडे गेली. रेवती नळावर मिहिकाचे चिखलाचे बूट धूत होती. तिच्या दंडावरच्या खुणा आता पिवळ्या पडल्या होत्या, नवी एकही नव्हती.

शलाकानं तिला मोहरकी दाखवली, तिन्ही रंग समजावले. "ती शांत होत नाहीये, वहिनी. ती आतून निघून चाललीय. जिलबीबरोबर ठेवून बघू. ती ओरडेल, चावेल, पण आत राहील."

"किती दिवस ओरडेल?"

"माहीत नाही. वर्षं लागतील कदाचित."

"आणि शाळा?"

शलाकानं मोहरकीचा पट्टा गुंडाळायला घेतला.

रेवतीनं बूट उपडे करून पायरीवर ठेवले. "काल रात्री मी झोपले, ताई. सलग. सकाळी उठले तर मला आधी कळेचना मी कुठे आहे. एवढी झोपले." तिनं हात पदराला पुसले. "ते रंगबिंग तुमचं शिकलेल्यांचं बघा. मी विश्वास ठेवला तो आतला फोटो बघून. तुम्हीपण अशाच होतात ना? ओरडायच्यात, चावायच्यात?"

"हो."

"मग? आज बघा कशा आहात. शिकलात, कामाला लागलात, किती गोड बोलता. माझी मिहू तुमच्यासारखी झाली, तर मला देवाकडे दुसरं काही मागायचं नाही." मग तिला अचानक शंका आली. तिनं शलाकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणला. "तुम्ही बऱ्या आहात ना, ताई?"

खरं सांगायची वेळ अशी एखाद्या नळापाशी येते, चिखलाचे बूट मध्ये ठेवून. शलाकाला वाक्य ठाऊक होतं. ते उच्चारायला जो धक्का आतून लागतो, तो लागला नाही. समोरची बाई फार दमलेली होती, आणि कोणाला दुखवायचं नाही हे शलाकाच्या अंगात मुरलेलं होतं.

"हो," ती म्हणाली. "बरी आहे."

---

शाळेच्या बाई आल्या त्या सकाळी छान ऊन पडलं होतं. बाईंनी कडक इस्त्रीची साडी नेसली होती, आणि लीद कुठे आहे ते बघत बघत त्या रिंगणाच्या कठड्यापर्यंत आल्या. सबनीसबाई त्यांच्या शेजारी. रेवती थोडी मागे, ओठ आवळून. मधोमध मास्तर, त्याच्यावर मिहिका, आणि बाजूनं दोर धरून शलाका. मास्तर फिरत होता. मिहिकाचे हात मांडीवर नीट ठेवलेले होते. केसांना तेल लावून दोन वेण्या घातल्या होत्या.

"ही ती मुलगी?" शाळेच्या बाईंनी विचारलं. "मला वाटलं दुसरी कोणी."

शलाकानं मिहिकाच्या पट्ट्यावरचा मणी पाहिला. पांढरा, पण अजून काठाला हिरव्याची एक बारीक, विझत आलेली कड होती. म्हणजे पोर अजून पुरतं गेलं नव्हतं. एखादा जोरदार धक्का बसला, तर ते दचकेल. दचकलं तर किंचाळेल. किंचाळलं तर शाळा हुकेल, रेवती रडेल, सबनीसबाई नेमणूक रद्द करतील, आणि मिहिका जिलबीकडे जाईल, कारण दुसरीकडे जायला जागाच उरणार नाही. शलाकानं हे सगळं गणित सोडवल्यासारखं स्वच्छ सोडवलं. राग नव्हता, धाडस नव्हतं. पण करायला हवं ते कळत होतं, आणि न रागावताही ते करता येईल, असा तिनं विचार केला.

तिनं मास्तरला थांबवलं. दोर कठड्यापाशी उभ्या असलेल्या धाकूच्या हातात दिला. कठड्याला टेकवलेलं ते पोचे पडलेलं ताट आणि पळी उचलली.

"ए पोरी," धाकू पुटपुटला. तो तिच्या हातांकडे बघत होता. "नको. राहू दे. आज नको."

शलाका मिहिकाच्या मागे गेली, कानाच्या अगदी जवळ ताट नेलं, आणि होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून पळी मारली.

तिकडे पागेत जिलबीनं नवं दार मोडलं. कावळ्यांनी झाड सोडलं. शाळेच्या बाई किंचाळून सबनीसबाईंच्या अंगावर पडल्या, आणि रेवतीनं दोन्ही हात कानांवर घेतले. धाकूच्या हातातून दोर गळून पडला.

मास्तर हलला नाही.

मिहिका हलली नाही. तिच्या वेण्यांची टोकंसुद्धा हलली नाहीत. हात मांडीवर तसेच, नजर समोर, आणि पापणी जेव्हा मिटली तेव्हा ती आपल्या नेहमीच्या वेळेला मिटली.

आणि ताट धरलेला शलाकाचा हातही थरथरत नव्हता. ताट अजून घुमत होतं, तो नाद तिच्या कोपरापर्यंत चढत होता, आणि हात मात्र भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखा स्थिर होता. तिनं पुन्हा मारलं. पुन्हा मारलं. तिसऱ्या वेळी मिहिकानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं, अगदी सौम्य, समजूतदार नजरेनं. पाहुण्यांना चहा देताना बघतात तसं.

काठाची हिरवी कड आता नव्हती.

"वा," शाळेच्या बाई सावरत म्हणाल्या. छातीवरचा हात काढून त्यांनी टाळ्या वाजवल्या. "वा, काय प्रात्यक्षिक दाखवलंत हो. माझा जीव गेला, आणि ही बघा." रिंगणात लीद आहे हे विसरून त्या आत आल्या. त्यांनी मिहिकाच्या कपाळावर, मण्याच्या बरोबर वर, तळवा ठेवला. "ही आपली. सोमवारपासून पाठवा."

धाकूनं मान खाली घातली. त्याचा उजवा तळवा त्यानं धोतराला पुसला, मग पुन्हा पुसला, काहीतरी चिकटलं असावं तसा.

रेवती धावत आली. तिला आधी लेकीकडे जायचं होतं, पण ती शलाकाच्या पायांशीच वाकली. शलाकानं तिला उठवेपर्यंत तिचे अश्रू बुटांवर पडले होते. "मला कळलं होतं, ताई," ती हुंदके देत म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही काय काय बोललात, मी घाबरले. पण आज तुम्ही मुद्दाम वाजवलंत ना? त्यांची खात्री पटावी म्हणून? तुमच्यामुळे झालं हे. तुमच्यामुळे." तिनं शलाकाचे दोन्ही गाल हातांत धरले. "तुम्हाला आनंद झाला ना?"

सबनीसबाई हसत होत्या. शाळेच्या बाई हसत होत्या. धाकूमामा एकटा हसत नव्हता, आणि या प्रसंगावर सांगायला त्याच्याकडे, जन्मात पहिल्यांदा, एकही गोष्ट नव्हती.

"हो," शलाका म्हणाली. तिनं मास्तरचा पडलेला दोर उचलला. मास्तर चालू लागला, आणि वर बसलेल्या मुलीची कंबर त्याच्याबरोबर मऊ, एकसारखी हलू लागली.